‘कुमारी माता’ आणि ‘लेकुरवाळी’ : मराठी लैंगिक शिक्षणविचाराची एक चिकित्सा

प्रास्ताविक

लैंगिक शिक्षणाविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्याच्या केंद्रस्थानी बहुधा एक मुलगी असते. ती शहरात किंवा निमशहरी गावात राहते, शाळेत अथवा कनिष्ठ महाविद्यालयात शिकते, अविवाहित असते, आणि अजाणतेपणी तिचे ‘पाऊल वाकडे’ पडेल अशी धास्ती सर्वांना वाटत असते. समर्थक म्हणतात, तिला वेळीच माहिती मिळाली तर हा प्रसंग टळेल. विरोधक म्हणतात, माहिती मिळाली म्हणूनच तो ओढवेल. हा वाद अनेक दशके चालू आहे. परंतु ती मुलगी अविवाहित आहे, या गृहीतकावर मात्र दोन्ही पक्षांचे संपूर्ण एकमत आहे.

वस्तुस्थिती या गृहीतकाशी जुळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते १९ वयोगटातील ७.६ टक्के मुली पाहणीच्या वेळी माता झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ८.३ टक्के होते. देशाची सरासरी पाचव्या फेरीत ६.८ टक्के आहे. म्हणजे पुढारलेले म्हणवणारे आपले राज्य या बाबतीत सरासरीच्याही मागे आहे. याच फेरीत २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह वयाची १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झालेला आढळला. परभणी आणि बीड या जिल्ह्यांत तर हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. सर्वेक्षणात नोंदले जाणारे किशोरवयीन मातृत्व जवळजवळ सर्वच विवाहांतर्गत असते. अविवाहित मुलींची गर्भधारणा लपवली जाते, गर्भपातात संपते, आणि म्हणून ती या आकड्यात फारशी येत नाही, हे मान्य केले तरीही मुख्य चित्र बदलत नाही. महाराष्ट्रात अकाली आई होणारी मुलगी बहुतांशी कोणाची तरी पत्नी असते, आणि तिच्या गरोदरपणाने घरात कोणालाही धक्का बसलेला नसतो.

ही विवाहित मुलगी मराठी लैंगिक शिक्षणविचारातून गळाली कशी, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्यासाठी भाषेतील रूढ शब्दप्रयोग, एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील काही ग्रंथ व कृती, एक नाटक, शालेय कार्यक्रमांचा इतिहास आणि सध्याचा कायदा अशी निरनिराळी साधने वापरली आहेत. ती एकाच जातीची नाहीत, याची जाणीव आहे; परंतु हा विषय मुळात कोणत्याही एका विद्याशाखेत मावणारा नाही.

शब्दांची साक्ष

सोळा वर्षांची एक मुलगी गरोदर आहे. ती अविवाहित असेल तर तिच्यासाठी मराठीत ‘कुमारी माता’ हा शब्द तयार आहे. तो वृत्तपत्रांत आहे, शासकीय कागदपत्रांत आहे, विधिमंडळातील चर्चांत आहे. तीच मुलगी विवाहित असेल तर तिच्यासाठी स्वतंत्र शब्दच नाही. ती ‘पहिलटकरीण’ असते, पुढे ‘लेकुरवाळी’ होते. हे दोन्ही शब्द तीस वर्षांच्या स्त्रीलाही तितकेच लागू पडतात. त्यांत वयाची खूण कोठेही उरत नाही. याउलट ‘कुमारी माता’ या शब्दातही वय नाहीच. ‘कुमारी’ हा शब्द येथे वैवाहिक स्थिती सांगतो. चाळीस वर्षांची अविवाहित आईही कुमारी माताच. म्हणजे ज्या घटनेत वैद्यकीय दृष्ट्या वयच निर्णायक आहे, त्या घटनेला नाव देताना मराठीने वय सोडून फक्त मंगळसूत्र पाहिले. ‘किशोरवयीन गर्भधारणा’ हा शब्द अलीकडचा, भाषांतरित आणि कार्यालयीन आहे. तो अहवालात वावरतो, ओसरीवर येत नाही.

‘आपल्या संस्कृतीत हा विषय चारचौघांत बोलत नाहीत’ हे विधान लैंगिक शिक्षणाच्या विरोधात हमखास केले जाते. भाषेची साक्ष याच्या नेमकी उलट आहे. ‘न्हाण येणे’, ‘पदर येणे’, ‘शहाणी होणे’ हे शब्दप्रयोग पाहावेत. मुलीला पहिली पाळी आली की तिला मखरात बसवावे, सुवासिनींनी ओटी भरावी, गोडधोड व्हावे, गाणी म्हणावीत, आणि त्यानंतर फलशोभनाचा मुहूर्त धरावा, ही प्रथा महाराष्ट्रातील अनेक जातींत होती. मुलीचे शरीर प्रजननक्षम झाले ही वार्ता तिच्या घरापुरती न राहता आळीभर पोहोचत असे. समाजाला संकोच नव्हता. मात्र हा सारा निःसंकोच सोहळा अकरा-बारा वर्षांच्या विवाहित मुलीसाठी होता. अविवाहितेच्या वाट्याला मात्र वेगळी शब्दसंपत्ती आली : पाय घसरणे, तोंड काळे करणे, शेण खाणे. रवी जाधव यांच्या ‘बालक-पालक’ (२०१३) या चित्रपटात चाळीतील मुलांच्या कुतूहलाची सुरुवातच या शेवटच्या वाक्प्रचारापासून होते. मोठ्यांच्या तोंडून तो ऐकलेल्या मुलांना त्याचा अर्थ कोणी सांगत नाही, आणि ती तो आपल्या परीने शोधू लागतात. सांकेतिक भाषा मुलांपासून विषय लपवू शकत नाही, त्याला फक्त लज्जेची दुर्गंधी चिकटवते, हे त्या चित्रपटाने नेमके हेरले आहे.

तेव्हा मराठी समाजाचे मौन सरसकट नव्हते. ते विवाहाच्या उंबरठ्यावर सुरू होत होते आणि तेथेच संपत होते. संमतिवयाच्या १८९१ च्या वादातही हेच दिसते. भारतीय दंडसंहितेतील संमतीचे वय दहावरून बारा करण्याचा तो प्रस्ताव होता. बंगालमध्ये फुलमणी दासी ही अकरा वर्षांच्या आतबाहेरची मुलगी पतीच्या संभोगामुळे मरण पावल्याने या विधेयकाला जोर आला होता. लोकमान्य टिळकांनी परकीय सरकारच्या धर्मातील हस्तक्षेपाला विरोध केला, तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी शास्त्राधार देऊन विधेयकाची बाजू उचलून धरली. कोणाची बाजू बरोबर होती हा येथे प्रश्न नाही. लक्षात घ्यावयाचे ते हे, की गर्भाधान केव्हा करावे, ऋतू म्हणजे काय, मुलीचे शरीर केव्हा सिद्ध होते, यांची चर्चा सभांतून आणि वृत्तपत्रांतून महिनोन्महिने उघडपणे चालली. तेव्हा कोणी असभ्यतेची तक्रार केल्याचे दिसत नाही. शाळकरी मुलीला पाळीविषयी सांगण्याचा प्रस्ताव आला की मात्र संस्कृती आठवते.

प्रतिबंध कशाचा?

‘प्रतिबंध’ हा शब्द या विषयात आज सर्रास वापरला जातो. त्याचा एक जुना आणि अर्थपूर्ण वापर महाराष्ट्रात आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसलेल्या विधवांनी येथे गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा येथेच ठेवावे, असे त्याचे जाहीर आवाहन होते. या नावात प्रतिबंध आहे तो बालहत्येला. विधवेच्या वर्तनाला, तिच्या शरीराला अथवा तिच्या इच्छेला प्रतिबंध करण्याची भाषा तेथे नाही. काय टाळायचे आणि काय टाळता येणार नाही, यांतील भेद फुल्यांना स्वच्छ दिसत होता. याच गृहात काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा या दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. त्या काळातील अनेक विधवा वयाने कुमारवयीनच असत हेही विसरता कामा नये. बालविवाहामुळे वैधव्य बालपणीच येई आणि तारुण्य मागून येई.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) हे पुस्तक अशाच एका खटल्यातून निर्माण झाले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे अपिलात कमी झाली, आणि या निमित्ताने वृत्तपत्रांनी स्त्रीजातीवर आग पाखडली. ताराबाईंनी विचारलेला प्रश्न साधा आहे : या साऱ्यात पुरुष कोठे आहे? समीक्षेच्या परिभाषेत सांगायचे तर त्यांनी वाक्यातील हरवलेला कर्ता शोधला. ‘दिवस गेले’, ‘पाऊल वाकडे पडले’, ‘गर्भधारणा होते’ या वाक्यांना कर्ता पुरुष नाही. घटना जणू आपोआप घडते आणि परिणाम तेवढे मुलीला चिकटतात. यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी परिसरात कोलाम समाजाच्या मुलींचे बाहेरून आलेल्या पुरुषांनी शोषण केले. तो प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला तो ‘कुमारी मातांचा प्रश्न’ म्हणून. शोषण करणाऱ्यांचा प्रश्न असे त्याला कोणी म्हटले नाही. ताराबाईंचे पुस्तक येऊन शंभर वर्षे उलटल्यावरही व्याकरण तेच राहिले.

र. धों. कर्वे (१८८२-१९५३) यांचे कार्य या परंपरेत सर्वांत धीट आहे, आणि म्हणून त्याची चिकित्साही अधिक काटेकोरपणे व्हायला हवी. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. १९२३ मध्ये त्यांचे संततिनियमनावरील पुस्तक आले आणि जुलै १९२७ पासून अखेरपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. या कार्यापायी त्यांना विल्सन महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकपदावर पाणी सोडावे लागले. महाविद्यालयीन संस्थांची सहनशक्ती किती असते, याचा हा दाखला आपल्या वाचकांना ठाऊक असतोच. वाचकांच्या लैंगिक शंकांना मासिकातून दिलेल्या उत्तरांबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. विकृती असलीच तर ती ज्ञानानेच दूर होईल, या आशयाचा त्यांचा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही आणि कर्व्यांना दंड झाला.

कर्व्यांचे वेगळेपण असे, की त्यांनी लैंगिक ज्ञानाची गरज लोकसंख्येच्या गणिताने किंवा राष्ट्राच्या बळाने सिद्ध केली नाही, निदान प्राधान्याने तरी नाही. स्त्रीला नको असलेले गरोदरपण आणि गुप्तरोग हेच अनिष्ट. ते टाळले तर संबंधात मुळात पाप नाही, ही त्यांची भूमिका होती. स्त्रीच्या सुखाचा विचारही त्यांनी केला. येथे प्रतिबंध पुन्हा एकदा नेमक्या जागी येतो. परंतु त्यांच्या लेखनाचा श्रोता कोण होता? मासिकाची वर्गणी भरू शकणारा, शंका लिहून पाठवू शकणारा, केंद्राची पायरी चढू शकणारा प्रौढ, सुशिक्षित आणि बहुतांशी पुरुष वाचक. शारदा कायद्याने (१९२९) मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले त्या काळात, चौदाव्या वर्षी सासरी नांदणाऱ्या मुलीच्या हाती ‘समाजस्वास्थ्य’ पडण्याची शक्यता किती? संततिनियमनाच्या साधनांची माहिती तिच्यापर्यंत पोहोचायची ती नवऱ्याच्या मर्जीतून. कर्व्यांच्या बुद्धिवादाचा हा दोष नव्हे. त्या काळच्या साक्षरतेची ती मर्यादा होती. तथापि, पुढील मराठी कामविज्ञानपर लेखनाने हीच मर्यादा वारसा म्हणून स्वीकारली. डॉ. विठ्ठल प्रभू यांच्या ‘निरामय कामजीवन’सारख्या लोकप्रिय पुस्तकाने शास्त्रीय माहिती हजारो घरांत नेली. त्याचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते, की हा ग्रंथप्रकार संमती देण्याच्या वयाला पोहोचलेल्या आणि पुस्तक विकत घेणाऱ्या दांपत्याला समोर धरूनच लिहिला गेला.

काशीकरांचा उपाय

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) हे नाटक मध्यमवर्गीय ढोंगावरचे भाष्य म्हणून अनेकदा अभ्यासले गेले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एका जागेकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. लटक्या खटल्याचे न्यायाधीश झालेले काशीकर हे समाजातील अनाचारावर उपाय सुचवतात. मुली वयात येण्यापूर्वीच त्यांची लग्ने लावून टाकावीत, बालविवाह पुन्हा सुरू करावा, म्हणजे हे प्रकार बंद होतील, असे त्यांचे मत आहे. समाज बिघडवल्याचे खापर ते आगरकर आणि धोंडो केशव कर्वे यांच्या माथी फोडतात. प्रेक्षागृहात या वाक्यांना हशा मिळतो. तेंडुलकरांनी ती विनोदासाठी लिहिलेली नाहीत, असे माझे मत आहे. काशीकरांचा उपाय ही महाराष्ट्रात आजही सर्वाधिक वापरली जाणारी ‘किशोरवयीन गर्भधारणा प्रतिबंधक’ योजना आहे. फरक एवढाच की ती गर्भधारणेला प्रतिबंध करीत नाही, गर्भधारणेच्या बदनामीला करते.

लीला बेणारे ही प्रौढ शिक्षिका आहे. तिच्या पोटातील मूल हे तिच्या चौकशीचे निमित्त आहे. परंतु तिच्या दीर्घ स्वगतात आपल्याला कळते की चौदा-पंधराव्या वर्षी तिच्या सख्ख्या मामाने तिचा गैरफायदा घेतला होता. त्या वयात तिला ते प्रेम वाटले, लग्न करण्याचा हट्ट तिने धरला, आणि घरच्यांनी, त्या मामानेही, पाठ फिरवली. आजच्या कायद्याच्या भाषेत हे बालकावरील लैंगिक अत्याचाराचे उघड प्रकरण आहे. गंमत अशी की नाटकातील न्यायालयाला या गुन्ह्यात रसच नाही. ते पुरावा म्हणून वापरले जाते ते बेणारेबाईंच्याच ‘चारित्र्या’विरुद्ध. दुसऱ्या प्रकरणातील पुरुष प्रा. दामले हे खटल्याला गैरहजर राहतात. तेही आपल्याच व्यवसायातले आहेत, हे येथे नोंदवून पुढे जाऊ. नाटक रंगभूमीवर आले तेव्हा गर्भपात हा दंडनीय अपराध होता. शांतिलाल शाह समितीचा अहवाल १९६६ मध्ये आला होता, पण कायदा व्हायला १९७१ उजाडले. बेणारेबाईंवर आधी भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो आणि शेवटी गर्भ नष्ट करण्याचीच शिक्षा फर्मावली जाते. या विसंगतीतून एक गोष्ट निखळपणे बाहेर येते : न्यायासनाला ना भ्रूणाची पर्वा आहे, ना स्त्रीच्या प्रकृतीची. प्रश्न आहे तो नोंदीचा; मूल कोणाच्या नावावर, हा.

काशीकरांचा उपाय अवलंबणाऱ्या आईबापांना मात्र ढोंगी म्हणून निकालात काढणे सोपे असले तरी न्याय्य नाही. मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी जाणाऱ्या मजुरांत पतिपत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून मिळणारी उचल त्या कोयत्याच्या हिशेबाने ठरते. लग्न म्हणजे कमावता कोयता. शिवाय पाच-सहा महिने फडावर राहायचे तर वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची? बरोबर न्यावी तर कोप्यांवर आडोसा नाही, शाळा तर सुटतेच. अशा वेळी लग्न हाच त्यांना सुरक्षिततेचा एकमेव परिचित मार्ग वाटतो. या मुलीला लैंगिक शिक्षणाचे पुस्तक देऊन तिचे लग्न टळणार नाही. ते टाळण्यासाठी वसतिगृह, सातत्याने चालणारी शाळा आणि मजुरीच्या कराराची वेगळी पद्धत हवी. परंतु लग्न टळले नाही, तरी पहिले मूल दोन-तीन वर्षे पुढे ढकलता येते. हे तिला कोणी सांगितलेले नसते, आणि सांगणाऱ्याची कोणाची जबाबदारीही ठरलेली नसते.

शाळेत शिरण्याच्या तीन वाटा

शालेय शिक्षणात लैंगिकता आली ती प्रत्येक वेळी दुसऱ्याच कोणत्या तरी चिंतेचे बोट धरून. पहिली वाट लोकसंख्या शिक्षणाची. १९८० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय लोकसंख्या शिक्षण प्रकल्पाने लहान कुटुंबाचा संदेश पाठ्यपुस्तकांत आणला. त्यात आलेख होते, देशाच्या साधनसंपत्तीवरील भार होता. मुलीचे शरीर त्यात एक प्रमाण म्हणून आले. दुसरी वाट एड्सची. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालय आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम हाती घेतला, त्याचा रोख संसर्ग टाळण्यावर होता. तिसरी वाट बालसुरक्षेची. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ हे तिचे सर्वपरिचित रूप. तिन्ही आवश्यक होत्या, हे नाकारण्याचे कारण नाही. पण लोकसंख्या, विषाणू आणि गुन्हेगार या तीन भीतींच्या मधोमध, ‘मला मूल केव्हा हवे, हवे की नको’ हा प्रश्न विचारणारी मुलगी कोठेच उभी नाही.

दुसऱ्या वाटेवर महाराष्ट्रात अडथळा आला तो २००७ मध्ये. शिक्षकांसाठीच्या साहित्यातील चित्रांवर व मजकुरावर विधिमंडळात गदारोळ झाला आणि राज्य शासनाने हा कार्यक्रम थांबवला. त्या सुमारास गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक आदी राज्यांनीही हाच मार्ग धरला. पुढे राज्यसभेच्या याचिका समितीने २००९ च्या अहवालात शाळांतून लैंगिक शिक्षण देऊ नये अशी शिफारस केली. विवाहापूर्वी संबंध नकोत असा संदेश विद्यार्थ्यांना द्यावा, हे तिचे प्रतिपादन होते. विशेष म्हणजे २००७ मध्येच अमेरिकेत, तेथील संसदेच्या आदेशावरून झालेल्या दीर्घकालीन मूल्यमापनाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला होता, की विवाहापर्यंत संयम एवढेच शिकवणाऱ्या कार्यक्रमांतील मुले आणि इतर मुले यांच्या लैंगिक वर्तनात फरक आढळत नाही. युनेस्कोच्या २००९ च्या व २०१८ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेतही, सर्वांगीण लैंगिक शिक्षणामुळे संबंधांना लवकर सुरुवात होत नाही, हे उपलब्ध संशोधनाच्या आधारे नमूद आहे. आपल्या चर्चेत हे पुरावे क्वचितच आले.

पण आपल्या दृष्टीने त्या समितीच्या संदेशातील खरी उणीव पुराव्याच्याही आधीची आहे. ‘विवाहापूर्वी नको’ हे वाक्य विवाह प्रौढपणी होतो असे धरून चालते. ज्या राज्यात पाचांतील एका मुलीचा विवाहच अठराच्या आत होतो, तेथे त्या वाक्याचा पूर्वार्ध संपला की उत्तरार्धाला काहीच सांगायचे उरत नाही. पंधराव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीने हा संदेश तंतोतंत पाळलेला असतो. तरीही रक्तक्षय, गरोदरपणातील वाढता रक्तदाब, अडलेले बाळंतपण आणि कमी वजनाचे मूल हे धोके तिच्यापुढे तसेच उभे राहतात. गर्भाशयाला विवाहाचा दाखला वाचता येत नाही.

समर्थकांचे साहित्यही या कसोटीवर फारसे उतरत नाही. त्यांनी नावे बदलून पाहिली : लैंगिक शिक्षण, किशोरावस्था शिक्षण, जीवनकौशल्य शिक्षण. प्रत्येक नामांतरात विषयाचा थोडा भाग गळत गेला आणि उरले ते ‘नाही म्हणायला शिका’. अनोळखी पुरुषाला नाही म्हणण्याचा पाठ महत्त्वाचा आहेच. परंतु ज्या मुलीने नाही म्हणावे अशी अपेक्षाच कोणी केलेली नाही, जिच्याकडून वर्षाच्या आत ‘गोड बातमी’ अपेक्षित आहे, तिने सासूशी, नवऱ्याशी काय आणि कसे बोलावे, याचा पाठ नाही. या पार्श्वभूमीवर गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेत डॉ. राणी बंग यांनी चालवलेल्या युवक-युवतींच्या शिबिरांचे ‘तारुण्यभान’ हे नाव मला लक्षणीय वाटते. त्यात शिक्षण हा शब्द नाही, प्रतिबंध नाही, रोग नाही. भान आहे, आणि ते विवाहित असण्या-नसण्यावर अवलंबून नाही.

अठरा वर्षांची रेघ

संमतीचे वय १८९१ मध्ये बारा झाले, पुढे टप्प्याटप्प्याने सोळा झाले, आणि बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने, ज्याला आपण ‘पॉक्सो’ म्हणतो, ते अठरावर आले. पत्नी अठरा वर्षांखालील असेल तरी संबंध हा बलात्कारच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हीच मर्यादा आहे. म्हणजे ‘कुमारी माता’ आणि ‘लेकुरवाळी’ यांतील भेद भाषेने जपला असला, तरी कायद्याने तो पुसला आहे. सोळा वर्षांच्या दोघीही आता सारख्याच बालक आहेत.

तत्त्वतः हे स्वागतार्ह आहे. व्यवहारात त्याचा एक परिणाम मात्र उलटा झाला. या कायद्याच्या कलम १९ नुसार असा अपराध घडल्याचे समजलेल्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे शिक्षा आहे. गरोदर मुलीची नोंद करणे म्हणजे तिच्या नवऱ्याविरुद्ध अथवा मित्राविरुद्ध गुन्हा नोंदवणे. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात वय अठरा सांगितले जाते, नोंदणी उशिरा होते, किंवा मुलगी केंद्राकडे फिरकतच नाही. गर्भपात हवा असेल तर पालकाची लेखी संमती लागते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात, अल्पवयीन मुलीने व पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, अशी मुभा दिली. ही मुभा डॉक्टरला आहे. शिक्षकाला नाही.

येथे हा प्रश्न थेट आपल्या दारात येतो. अकरावी-बारावीच्या वर्गात बसणाऱ्या बहुसंख्य मुली अठरा वर्षांखालील असतात. कनिष्ठ महाविद्यालयातील प्राध्यापिकेने लैंगिक आरोग्यावर एखादे मोकळे व्याख्यान दिले आणि त्यानंतर एखादी विद्यार्थिनी विश्वासाने तिच्याकडे येऊन पाळी चुकल्याचे सांगू लागली, तर ती प्राध्यापिका त्या क्षणापासून कायद्याने बांधली जाते. तिने गुप्ततेचे आश्वासन दिले तर ती अपराधी ठरू शकते; न दिले तर मुलगी वाक्य अर्धवट सोडून परत जाईल. लैंगिक शिक्षणावरील आपल्या प्रशिक्षणवर्गांत या पेचाची चर्चा होत नाही, ती झाली पाहिजे. किमान एवढे तरी करता येते, की व्याख्यानाच्या आरंभीच हे बंधन मुलींना सांगावे, म्हणजे कोणाला काय सांगायचे हे त्या जाणून ठरवतील. विश्वास संपादन करून मग पोलिसांना कळवणे, यापेक्षा आधी मर्यादा सांगणे अधिक प्रामाणिक आहे.

आरोग्य खात्याच्या कागदपत्रांत ही मुलगी शिक्षण खात्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसते, हेही नमूद केले पाहिजे. २०१४ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वयोगटातील विवाहित व अविवाहित, शाळेतील व शाळेबाहेरील अशा सर्वांसाठी आहे. महाराष्ट्रात त्यांच्यासाठीच्या सल्लाकेंद्रांना ‘मैत्री’ हे नाव आहे. शासकीय कुटुंब नियोजन कार्यक्रमात २०१७ पासून ‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन आणि ‘छाया’ ही गोळी उपलब्ध झाली आहे. पहिले मूल लांबवू इच्छिणाऱ्या नवविवाहितेला आशा कार्यकर्ती याविषयी सांगू शकते. परंतु एका खात्याचे हे ज्ञान दुसऱ्या खात्याच्या पुस्तकात उतरत नाही. विद्यार्थिनी प्रजननसंस्थेची आकृती काढून तिला अचूक नावे देते आणि परीक्षेत पूर्ण गुण मिळवते. आकृतीच्या खाली पत्ता नसतो. आपल्या महाविद्यालयापासून सर्वांत जवळचे मैत्री केंद्र कोणत्या रुग्णालयात आहे, कोणत्या वारी उघडे असते, तेथे स्त्री समुपदेशक भेटते का, ही माहिती सूचनाफलकावर लावायला कोणत्याही अभ्यासमंडळाची मंजुरी लागत नाही.